दोन मिनिटं लक्ष ठेव

ही गोष्ट खोटी वाटली तर खुशाल खोटी समजा. आज मला कोणाला पटवत बसायला वेळ नाही.

आज दसरा. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झालीत. मी विचुंब्यात, कृष्णामावशीच्या घरी, खालच्या खोलीत बसलेय. समोर पलंगावर माझा मावसभाऊ कुंदन आहे.

लिहिताना चुका होतील. मी मराठीचे क्लास घ्यायचे, एका वेलांटीवरून पोरांचे कान धरायचे. पण आत्ता मी मोबाइलकडे बघत नाहीये. मी कुंदनकडे बघतेय.

का, ते कळेलच.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्याच सकाळी, मी आणि कुंदन नवीन पनवेलच्या बाजारात गेलो होतो. झेंडू, आपट्याची पानं, नारळ घ्यायला. त्याची मोटरसायकल धुवायला दिलेली आणि तिथे ही मोठी रांग. रिक्षा तर एकही मिळेना. सगळ्या हार घालून स्टँडवर नटून उभ्या. पूजा होईपर्यंत कोणी भाडं घ्यायला तयार नव्हता.

अकराच्या सुमारास कुंदन नारळ घ्यायला समोरच्या गाडीवर गेला. मी दोन पिशव्या घेऊन एका मेडिकलच्या दारात उभी राहिले.

तेव्हा ती आली...

त्या भाड्याच्या सायकली आठवतात? मोबाइलने कुलूप उघडायचं, चालवायची, स्टँडवर नेऊन लावायची. पोपटी रंगाच्या. सुरुवातीला केवढं कौतुक होतं! मग कोणी नाल्यात टाकल्या, कोणी सीट काढून नेली, कोणी रंग मारून घरात घेतल्या. पुलाखाली नुसता ढीग पडला होता.

तशीच एक सायकल. तिच्यावर चाळिशीची एक बाई, घामाने निथळत होती.

"ताई, जरा सायकलीवर लक्ष ठेव गं. दोन मिनिटं. हिचा कुलूप लागत नाय. माझा नवरा दवाखान्यात हाय, त्याला सुई न्यायचीय."

मी म्हटलं, "हो, जा."

हे "हो, जा" मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मावशीला नाही, पोलिसांना नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

कुंदन नारळ घेऊन आला. सायकलीकडे बघितलं.

"कोणाची?"

"कंपनीची. एक बाई घेऊन आलीय, ती आत..."

"कंपनीची म्हणजे आपलीच की!" तो हसला. "पन्नास सायकली पडल्यात इथे. ती दुसरी घेईल. बस मागे."

मी नको म्हणायला हवं होतं. पण ऊन भाजत होतं, पिशव्यांनी हात तुटले होते. आणि खरं सांगू? मलाही वाटलं, घेईल दुसरी. माझ्या बापाचं काय जातंय?

मी पिशव्या पुढच्या बास्केटमध्ये टाकल्या आणि कॅरिअरवर बसले.

कोपऱ्यावर मी वळून पाहिलं. ती बाहेर आली होती. हातात थर्माकोलचा छोटा पांढरा डबा. ती सायकलीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मावशीने विचारलं, "कोनाची रं ही?"

"कंपनी बंद पडतेय, आये. वाटून टाकल्या."

मावशी भोळी. तिने सायकल धुतली. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तेवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. आमच्याकडे होडी असो, टेम्पो असो, नाव घातल्याशिवाय वस्तू आपली होत नाही. तिने शेजारच्या दादूला ब्रश घेऊन बोलावलं. त्याने चेनकव्हरवर लाल ऑइलपेंटने लिहिलं, 'आई एकवीरा प्रसन्न'. खाली मोठ्या अक्षरात, 'कुंदन, विचुंबे'.

संध्याकाळी सोनं वाटताना सगळ्यांच्या मोबाइलवर एक फोटो फिरत होता. हायवेच्या दुभाजकातल्या कटपाशी, न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरखाली एक बाई गेली होती. रिक्षा मिळाली नाही म्हणून धावत रस्ता ओलांडत होती, असं लोक म्हणत होते. फोटोत चेहरा नव्हता.

फक्त रस्त्यावर फुटलेला थर्माकोलचा डबा होता...

चंद्रावती नाव होतं तिचं. नेरे गावची. दुसऱ्या दिवशी तिचा नवराही गेला.

मी कुंदनला म्हटलं, "ही तीच."

तो म्हणाला, "गप बस. आईला कळता कामा नये." त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी गप्प बसले. गप्प बसण्यात मी पहिल्यापासून हुशार.

चौथ्या दिवशी कुंदनने सायकल पुलाखालच्या ढिगात नेऊन टाकली. संध्याकाळी दोन मुलं ती घेऊन दारात हजर. "कुंदनदादा, चोरीला गेली होती ना? नाव वाचलं म्हणून आणली." मावशीने त्यांना करंज्या दिल्या.

मग त्याने ती गाढी नदीत ढकलली. आठ दिवसांनी दादूच तिला टेम्पोत घालून घेऊन आला. गाळ काढताना सापडली म्हणे. त्याने स्वतः लिहिलेलं नाव, तो ओळखणार नाही तर कोण?

"आईची गाडी हाय," मावशी हात जोडून म्हणाली. "ती घर सोडून जायाची नाय."

सगळी सायकल गंजलेली. घंटी तर नदीतच पडलेली, नुसती पट्टी उरली होती. पण लाल अक्षरं... काल लिहिल्यासारखी कोरडी, चकचकीत.

तिसऱ्यांदा कुंदनने तिला कुठे टाकलं, त्याने सांगितलं नाही. सकाळी उठला तर सायकल पडवीत उभी.

या वेळी आणणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर आवाज सुरू झाले. रोज सकाळी सव्वाअकराला.

टक्...

सायकलीच्या मागच्या चाकाला असतं ना, ते कुलूप. जे कधीच लागत नव्हतं ते. आपोआप लागायचं. कुंदन धावत जाऊन बघायचा तर उघडंच.

मग घंटी. ट्रिंग... ट्रिंग... जी घंटी नव्हतीच.

मी स्वतः ऐकलंय. रविवारी, भर उन्हात, पडवीत कपडे वाळत घालताना.

कुंदन सुकत चालला. मोटरसायकल विकून टाकली. हायवेकडे जाईना. ठरलेलं लग्न त्याने मोडलं. मावशी देव देव करत होती. तिला काय ठाऊक, देवाचं नाव आपण कशावर लिहून घेतलंय ते!

मागच्या दसऱ्याला मी सोनं द्यायला इथे आले. कुंदन पडवीत पायरीवर बसला होता. सायकल समोर. मावशी मला म्हणाली, "निशा, त्याच्यावर लक्ष ठेव गो. मी देवीफुडं दिवा लावून आली दोन मिन्टात."

मी म्हटलं, "हो, जा."

आणि मोबाइल उघडला. दसऱ्याच्या शुभेच्छा येत होत्या, उत्तरं द्यायची होती.

टक्...

मान वर केली. पायरी रिकामी. सायकल नाही.

मी अनवाणी धावले. हायवेच्या कटपाशी पोचले तेव्हा गर्दी जमली होती. सायकलीचं मागचं चाक कुलूप लागून अर्ध्या रस्त्यात गच्च धरलं होतं. कंटेनरवाला रडत होता, म्हणत होता, एकाएकी मधोमध थांबली.

तिथे पंक्चरवाला चारुदत्त बसतो. त्याने सगळं पाहिलं होतं. पोलिसांना त्याने सांगितलं, पोरगा चालवत होता. मला बाजूला घेऊन वेगळंच म्हणाला.

"ताई, तो चालवत नव्हता. तो मागे कॅरिअरवर बसला होता, हात जोडून."

"मग चालवत कोण होतं?"

"पायडलं फिरत होती..." तो म्हणाला आणि पाण्याचं घमेलं ओढून ट्यूब बुडवायला लागला.

कुंदन वाचला. कमरेखाली काही उरलं नाही. एक वर्ष झालं, तोंडातून शब्द नाही.

मला वाटलं, फिटलं. चुकलं माझं.

दवाखान्यात मावशी डबा आणायला गेली. जाताना म्हणाली, लक्ष ठेव. मी दारातल्या कूलरवर पाणी प्यायला गेले. दोन मिनिटं. परत आले तर श्वासाची नळी जमिनीवर आणि कुंदन निळा पडलेला. नर्स धावली म्हणून वाचला.

घरी आणल्यावर पुन्हा तेच. कुकर बंद करायला उठले. तो पालथा पडला होता, तोंड उशीत. जो स्वतःहून कूस बदलू शकत नाही तो.

डॉक्टर म्हणाले, झटका आला असेल. तेव्हापासून झटक्याचं औषध चालू आहे.

मावशी बसली असली की काही होत नाही. शेजारीण बसली तरी नाही. फक्त मी "हो" म्हटलं आणि नजर काढली की... आणि मावशीला "नाही" कुठल्या तोंडाने म्हणणार? म्हणून मी क्लास बंद केले. मी इथे बसते. वर्षभर बसलेय. चंद्रावतीबाई, तुझा राग खरा आहे. मी कुठे नाही म्हणतेय? पण शिक्षा माझी आहे ना? मला दे की! सारखी दुसऱ्यांनाच का धरतेस?

मघाशी मावशी आत आली होती. काहीतरी बोलली. मी लिहिण्याच्या नादात मान हलवली.

काय बोलली ती?

थांबा...

"झटक्याचा औषध संपलाय गो. मेडिकलातून घेऊन येते. दोन मिन्टा लक्ष ठेव."

आणि मी म्हटलं, "हो, जा."

आज दसरा आहे. आज रिक्षा नाहीत. मेडिकल हायवेच्या पलीकडे आहे.

अकरा वाजून पाच.

मावशीला फोन लावला. तिचा मोबाइल आत स्वयंपाकघरात वाजतोय. दादूला तीनदा लावला, देवळात ढोल चाललेत, उचलत नाही. नजर न काढता खिडकीतून हाका मारल्या. कोणी ओ देत नाही, सगळे पूजेला गेलेत.

उठून धावले तर पाच मिनिटांत गाठीन तिला. पण मग कुंदन...

ट्रिंग...

बाहेर. फाटकापाशी.

ती सायकल पोलिसांच्या आवारात चेपून पडलीय. मी स्वतः जाऊन पाहिलीय. 'कुंदन' हे नाव तिच्यावरून पार खरवडून गेलंय, नुसती 'विचुंबे' एवढी अक्षरं उरलीत.

ट्रिंग... ट्रिंग... आता लांब गेली.

कुंदनने डोळे उघडलेत. खिडकीकडे बघतोय. ओठ हलतायत. वर्षभरात पहिल्यांदा...

"आये मागं बसली," तो म्हणाला.

ॲडमिन, हे ग्रुपवर ताबडतोब टाका. नावं बदलू नका. विचुंबे, नवीन पनवेलचं कोणीही हे वाचत असेल तर हायवेच्या कटपाशी जा. हिरवी नऊवारी, केसात झेंडूचं फूल, साठीची बाई. पायी चालत असेल तर हात धरून थांबवा, काहीही सांगा, पण रस्ता ओलांडू देऊ नका.

सायकलीवर मागे बसलेली दिसली तर पुढे कोण बसलंय ते बघू नका. तिला खाली ओढा.

अकरा वाजून बारा मिनिटं झालीत. मी इथून उठू शकत नाही.