पलीकडचं चाक

ऑर्विलच्या भंगारात मागचे दोनच अ‍ॅक्सल उरले होते, चाकांसकट लाकडी ठोकळ्यांवर चढवलेले. एक सत्तावन सालच्या स्टेशन वॅगनचा, चांगला दणकट. दुसरा चाळीस सालचा, मधोमध गोल पोटाचा. माझ्या बत्तीस सालच्या फोर्डला शोभणारा, पण नाजूक.

"शोभा काय चाटायचीय?" ऑर्विल म्हणाला. "तुझ्या इंजिनाने तो कडकन मोडेल. वॅगनचा ने, म्हाताऱ्या."

त्याचं खरं होतं. ही हॉट रॉड, म्हणजे जुन्या सांगाड्यात दांडगं इंजिन घातलेली वेगाची गाडी, मी आणि माझ्या बायकोने, व्हर्नाने, नऊ वर्षं खपून बांधत आणली होती. गाड्या पळवायला लोक जातात त्या एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर एकदा तिला शेजारी बसवून सुसाट न्यायचं कबूल केलं होतं मी. फेब्रुवारीत ती गेली. अ‍ॅक्सल तेवढा बसवायचा राहिला होता. म्हटलं, शब्द दिलाय तर गाडी तळ्यावर न्यायचीच, शेजारची जागा रिकामी का असेना.

असा जुना अ‍ॅक्सल घेताना त्याचं गिअरचं प्रमाण, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे किती, ते मोजून घ्यावं लागतं. इंजिनाकडून ताकद आणणाऱ्या मधल्या शाफ्टवर खडूची रेघ मारायची, एक चाक दोनदा फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे मोजायचे. मात्र पलीकडचं चाक कुणीतरी धरावं लागतं. नाहीतर ते उलटं फिरतं आणि शाफ्ट ढिम्म हलत नाही. आमच्याकडे धरायचं काम व्हर्नाचं. जमिनीवर फतकल मारून बसायची आणि ओरडायची, "धरलंय रे ड्यूई, फिरव!" शेवटच्या पाव फेऱ्याला मुद्दाम हात सैल सोडायची. माझी मोजणी चुकली की खी खी हसायची. मी चिडायचो. काय मूर्ख होतो मी!

ऑर्विल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. भर दुपार, पत्रे तापून कटकट वाजत होते. दोन्ही शाफ्टवर रेघा मारल्या आणि सवयीने वॅगनच्या अ‍ॅक्सलचं चाक फिरवलं. पलीकडचं उलटं फिरलं. बरोबरच होतं ते. मग चाळीसचं फिरवलं.

पलीकडचं चाक हललं नाही. शाफ्ट फिरला.

गंजून अडकलं असेल, म्हणून वळसा घालून गेलो. बोट लावलं तर गरगर फिरलं. परत आलो, पुन्हा सावकाश फिरवलं. रेघ एकदा वर आली, दोनदा, तीनदा. शेवटच्या पाव फेऱ्याला पलीकडे काहीतरी किंचित सैल पडलं.

मी तिथेच लहान पोरासारखा रडलो.

"हाच," मी ऑर्विलला सांगितलं.

"अक्कल गहाण टाकलीस काय रे?"

मी खिशातून पैसे काढून मोजले.

ऑक्टोबरात गाडी तळ्यावर नेली. ऑर्विलही आला, टोमणे मारायला कुणीतरी हवंच. समोर मैलोगणती पांढरी, सपाट माती. शेजारच्या सीटकडे न बघता मी क्लच सोडला.

गाडी सरळ गेलीच नाही. डावीकडे वळली आणि वळतच राहिली. मागचं उजवं चाक धूळ उडवत होतं. डावं फिरतच नव्हतं. स्टिअरिंग मी सरळ धरलं होतं.

इंजिन बंद करून उतरलो. मातीवर एक मोठा गोल उमटला होता, त्याच्या मधोमध डावं चाक. ब्रेक अडकला असेल म्हणून हात लावून पाहिला. घासून तापलेला नव्हता, थंडगार होता.

मी चाकाशी गुडघे टेकले. "व्हर्ना, सोड आता. तुलाच न्यायला आलोय," असं म्हणायचं होतं.

तोंडातून निघालं, "सोडू नकोस गं."

ऑर्विल शिव्या घालत धावत आला. दहा पावलांवर अचानक थांबला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारच्या मोकळ्या जमिनीकडे बघत त्याने हळूच टोपी काढली, बायामाणसांसमोर काढतो तशी, आणि छातीशी धरली.