तक्त्यातली तिसरी चौकट

तो दुकानात शिरला तेव्हा चष्म्याची एक काडी त्याच्या कानावर होती आणि दुसरी हातात. चष्मा एका बाजूला कललेला... आणि त्याला सावरायला मानही.

"निखळली," तो म्हणाला.

"दिसतंय," ती म्हणाली. दिवसभर चष्म्यांचे स्क्रू पिळणाऱ्या बाईला एवढं तरी दिसणारच.

ती काडी बसवायला लागली. तेवढा वेळ काढायला त्याने काउंटरवरचं पुस्तक उचललं आणि अगदी नाकाशी धरून वाचू लागला. ते तिच्या दादाने परदेशातून पाठवलेलं. लहान मुलांवर संशोधन करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने आईबापांसाठी काढलेलं. चित्रं गोड, पण अक्षर एक लागेल तर शपथ.

"तुम्हाला येतं हे?"

"पोटच भरतो त्यावर. पाण्याच्या पंपांची माहितीपुस्तकं या भाषेतून आपल्या भाषेत आणतो. मुलांचं कधी केलं नाही, पण पंपापेक्षा काय अवघड असणार?"

काउंटरमागे रिकाम्या डब्या रचत बसलेल्या अडीच वर्षांच्या तिच्या लेकीने, ठकूने, त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने घाईघाईने तो प्रश्न मागे घेतला.

ठकू अजून बोलत नव्हती. कान ठीक आहेत, वेळ द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. ठकूचे बाबा ती पोटात असतानाच गेले. वेळ द्यायला घरात दोघीच, ती स्वतः आणि तिची आई, म्हणजे ठकूची आजी.

मग तिला ते पुस्तक वाचता यावं म्हणून तो रोज दुपारी यायला लागला, अर्धं-अर्धं पान मराठीत उतरवून. आई त्याला 'पंपवाले' म्हणायची. "तीस पानं आणि दोन महिने? भाषांतर करतात की स्वेटर विणतात?"

"अवघड असतं गं, आई."

"असेल. आणि पान द्यायला येताना केस विंचरावे लागत असतील."

पण पुस्तकात गंमत होती. मुलाशी बोला, मग गप्प राहा, त्याच्या उत्तराची वाट बघा. नजर वळली तरी ते उत्तरच. तिने करून पाहिलं. ठकू आधी डोळ्यांनी, मग बोटाने, आणि एके दिवशी चक्क "ऊं" करून उत्तर द्यायला लागली. त्या "ऊं"वर तिघांनी तासभर चर्चा केली.

शेवटच्या पानावर तक्ता होता. आठवडाभर भरून संस्थेकडे पाठवायचा. मूल काय करतं, मोठं माणूस काय करतं, मोठ्या माणसाला काय वाटतं. खाली सूचना होती, खरं लिहा.

दुपारी ठकू झोपली, की ती लिहायची. मनात त्या लांबच्या देशातल्या संशोधक बायका, कधीच न भेटणाऱ्या. त्यांच्यापुढे कसली लाज? तिने मनातलं सगळं लिहिलं, पाकिटात घातलं आणि त्या भाषेत उतरवायला पंपवाल्यांच्या हाती दिलं.

घरी ठकूचं बटण लावताना तिचा हात एकदम थांबला. ते सगळं आधी वाचणार कोण...?

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. बटण लहान आहे."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. तिने एका आजोबांच्या चष्म्यात डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. संपलं... एवढंच मनात येत राहिलं.

चौथ्या दिवशी तो काउंटरपाशी येऊन उभा राहिला. डोळे तक्त्यावर.

"एक विचारायचं होतं. मंगळवारी ठकूने टाळ्या वाजवल्या, ते समजलं. शुक्रवारी लिहिलंय, 'पुस्तक संपलं की हे यायचे नाहीत, म्हणून भीती वाटली.' ही भीती... ठकूला वाटली?"

तिने काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

"कुठली चौकट आहे?"

"तिसरी."

"मग तिसरीत मोठं माणूस असतं."

त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाला, "तीन दिवस हे एकच वाक्य करत होतो. दुसऱ्या भाषेत न्यावंसंच वाटेना."

"मी एकटी नाहीये," ती हळूच म्हणाली. "आधी ठकू आहे."

"मला माहीत आहे. तक्त्यावर नाव तिचंच आहे." त्याने कागद तिच्याकडे वळवला. "खाली एक ओळ रिकामी राहिलीये. मुलाच्या सहवासातलं दुसरं मोठं माणूस. तुमच्या आईंना विचारलं, तर म्हणाल्या, माझं नाव घालू नका, तिथे तुमचं यायची मी कधीची वाट बघतेय."

"आईला विचारलंत?"

"ठकूलाही विचारलं. ती 'ऊं' म्हणाली. आता तुम्हीच राहिलात."

तिने पेन त्याच्यापुढे सरकवलं. "खरं लिहायचं असतं हं."

तो लिहू लागला. ती पलीकडून उलटं वाचत होती. वय, चौतीस. मुलाशी नातं, व्हावं अशी इच्छा. काय वाटतं... तिथे पेन थांबलं.

"सुचत नाही?"

"सुचतंय खूप. चौकट लहान आहे."

"मग समासात लिहा," ती म्हणाली, आणि तिने काउंटरची फळी वर उचलली. "आत या. उभ्याने लिहिलं की अक्षर बिघडतं."