सावळीरामची सायकल

वाल्मीक शिरसाठला उज्वला देवरेने समोरची खुर्ची दाखवली, पण तिथे बसलं की पाठ दाराकडे होत होती. त्याने ती खुर्ची एका हाताने उचलली, भिंतीला लावली आणि मग बसला. त्याचा डावा हात कोपरात वाकलेला होता आणि तसाच राहत होता.

खाली द्वारका चौकात एका ट्रकने लांब हॉर्न दिला. पन्नाशी उलटलेला वाल्मीक खुर्चीतून अर्धा उठला.

"बसा," उज्वला म्हणाली. "नईमभाई, खिडकी लावून घ्या."

विमा कंपन्यांसाठी खोटे दावे उकरून काढण्यात उमेदीची वर्षं घालवल्यावर उज्वलाने नाशकात स्वतःचं तपासाचं काम सुरू केलं होतं. नईम शेख निवृत्त हवालदार. तो तिची गाडी चालवायचा आणि सोबत करायचा. निष्कर्षावर तो तिच्या आधी पोचायचा, पण तो निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असायचा.

वाल्मीक पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होता. त्याची एकुलती एक मुलगी आरोही कॅनडात नर्स होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आईबाबांनी यावं म्हणून ती मागे लागली होती. पण व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न होता: तुम्हाला कधी कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का?

झाली होती. सतरा वर्षांपूर्वी वाल्मीक टेम्पो चालवायचा. मनमाडहून परत येताना संध्याकाळी शिरवाडे फाट्याच्या पुढे त्याच्या टेम्पोखाली सावळीराम नावाचा सायकलवाला गेला. टेम्पोची डावी बाजू बाभळीवर आदळली. वाल्मीक शुद्धीवर आला तो दवाखान्यात. डोक्याला मार लागला होता, डावं कोपर दरवाज्यात चेपलं होतं, आणि त्या दिवशी दुपारनंतरचं काहीही त्याला आठवत नव्हतं. स्टिअरिंगवर तूच होतास असं पोलिसांनी सांगितलं. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि वर्षभर आत राहून आला.

"व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाई म्हणल्या, लपवू नका," वाल्मीक म्हणाला. "लपवलं तर कायमचं दार बंद. खरं सांगितलं तर ते विचार करतात. नक्की काय घडलं ते स्वतःच्या शब्दांत लिहून आणा म्हणल्या. मला तर काय आठवत नाय. म्हणून जरा विचारत फिरलो, आणि तवापासून हे चालू झालं."

आधी फोन आले. नंबर अनोळखी असायचा, बोलायचं कोणी नाही, नुसता टेम्पोचा लांब हॉर्न. मग एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यासमोर पुढचं चाक वाकवलेली काळी सायकल उभी. आणि परवा तो स्कूटरवरून पॅकहाऊसला निघालेला असताना मागून विनानंबरची पांढरी पिकअप आली आणि तिने त्याला रस्त्याकडेच्या चारीत ढकललं. तशा पिकअप पिंपळगावात शेकड्याने आहेत.

पोलिसांत का गेला नाहीत, असं नईमने विचारलं.

"पुन्हा माझं नाव कागदावर चढंल साहेब. मग पोरगी कधीच दिसायची नाय."

तो गेल्यावर नईमने चहा ओतला. त्याच्या मते यात कोडं नव्हतंच. मेलेल्याच्या घरच्यांना ह्याचं परदेशात जाणं बघवत नव्हतं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? एकदा नाव लागलं की लागलं. आपण खोली भाड्याने देताना माणसाची चौकशी करतो, तो तर अख्खा देश आहे.

"चौकशी करावीच," उज्वला म्हणाली. "पण विचारलं तर उत्तर ऐकूनही घ्यावं. चला, पिंपळगावला."

वाल्मीकचं घर बाजार समितीच्या मागे होतं. भर दुपारी खिडक्या बंद होत्या. त्याची बायको नवसाबाई दार उघडायच्या आधी दोनदा नाव विचारून खात्री करून घेत होती.

सायकल परसात होती. काळी, जुनी, दोन्हीकडून बंद असलेल्या चेनकव्हरची. हँडलला मळक्या गमछ्याचं गाठोडं लटकत होतं. नवसाबाईने सायकलीभोवती राख टाकली होती आणि गाठोड्यावर लिंबू ठेवलं होतं. सायकल आल्यापासून तिने गाठोड्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. ती करणी आहे, सोडली तर घरावर येईल, असं ती म्हणत होती. उज्वला पुढे झाली तशी नवसाबाईने तिचा दंड धरला. वाल्मीकनेही विचारलं की गाठोड्यात काय असेल, पण विचारताना तो चार पावलं लांबच उभा होता.

"आत्ता नाही उघडत," उज्वला म्हणाली.

ओट्यावर नवसाबाईचा भाऊ राजू काठी घेऊन बसला होता. पस्तिशीचा, स्वतःची पिकअप चालवणारा, शेजारच्याच गल्लीत राहणारा. वाल्मीक जेलमध्ये असताना आरोहीला शाळेत सोडायला-आणायला हाच जायचा. हे सुरू झाल्यापासून तो राखणीला इथेच झोपत होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. अपघाताच्या दिवशी तो मनमाडला मावशीकडे होता, असं त्याने विचारण्याआधीच सांगितलं.

"दाजींना म्हणतोय, सोडा ते उकरून काढणं. ताई तर त्या सायकलीला बघून थरथरती. तिला म्हणलं, चेन नसलेलं भंगार हाय ते, त्याला काय भ्यायचं? पण खरं सांगू का मॅडम, मलाच झोप नाय."

उज्वलाने मान हलवली आणि ती पॅकहाऊसकडे निघाली.

पॅकहाऊसचा मालक महेश बोलायला मोकळा होता. ऐन हंगामात सुपरवायझर गेला तर माल परत येईल, त्यामुळे वाल्मीकने उन्हाळ्यात जावं असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. त्याच्याकडे पांढऱ्या पिकअपही होत्या. नईम उज्वलाकडे अर्थपूर्ण बघू लागला. पण महेश मूळचा देवळ्याचा. पॅकहाऊस घेऊन तो पिंपळगावात आला तेव्हा वाल्मीक शिक्षा भोगून परतल्याला काही वर्षं झाली होती. सावळीराम हे नाव त्याने उज्वलाकडूनच पहिल्यांदा ऐकलं, आणि ते नीट कळलं नाही म्हणून पुन्हा विचारलं.

सावळीरामची बायको मैना फाट्याजवळच्या वस्तीवर राहायची. ती कांद्याची रोपं उपटत होती. वाल्मीकचं नाव काढताच तिचे हात थांबले.

"आला होता. काय झालं होतं, मलाच विचारत होता. मी हाकलला." तिने पदराने तोंड पुसलं. "माझ्या माणसाला घरी परत यायची बंदी, आन ह्याला विमानानं जायची परवानगी? त्या देशातल्या लोकांनी मला विचारावं. मी सांगते त्यांना."

उज्वलाने वाद घातला नाही. तिने फक्त सायकलीचं विचारलं. मैनाने सांगितलं की नवरा सकाळी निघाला तेव्हा सायकल धड होती. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी मोडकी सायकल दिली आणि सोबत गमछ्यात बांधलेली चेन दिली. ती चारीत सापडली म्हणाले. पोलिसांनीच नीट बांधून दिली, त्याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं. सायकल तिने तेव्हाच भंगारात घातली.

गाडीत बसल्यावर उज्वलाने विचारलं, "नईमभाई, जप्तीचा माल तुम्ही गमछ्यात बांधायचात?"

"गमछ्यात? नाही मॅडम. पोत्यात टाकायचो, वर चिठ्ठी लावायचो."

थोड्या वेळाने नईमच्या लक्षात आलं की उज्वला स्वतःचं डावं कोपर गाडीच्या दरवाज्याला टेकवून बसली आहे आणि त्याच्या उजव्या हाताकडे बघते आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाल्मीकच्या घरी सगळे जमले. मैना यायला तयार नव्हती. तिला नईम घेऊन आला, आणि ती दाराशीच उभी राहिली. महेश खुर्चीत बसला. राजू काठी घेऊन उंबऱ्यापाशी होता. उज्वलाने सायकल घरात आणवली तेव्हा नवसाबाई भिंतीला चिकटली.

"तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चाललात," उज्वला म्हणाली, "की कोणाला तरी वाल्मीकभाऊंचं परदेशी जाणं अडवायचं आहे. पण 'जाऊ नको' असं कोणी म्हटलंच नाही. फोनवर नुसता हॉर्न होता. व्हिसा अडवायचा असता तर दूतावासाला कळवणं सोपं होतं. ते कोणी केलं नाही. अर्जाची बोलणी बरेच दिवस चालली होती, तेव्हाही काही झालं नाही. हे सुरू झालं ते वाल्मीकभाऊ 'त्या दिवशी काय घडलं' असं विचारायला लागल्यावर. म्हणजे भीती जाण्याची नव्हती. विचारण्याची होती."

मग तिने लिंबू बाजूला केलं आणि गाठोडं सोडलं. नवसाबाईने डोळे मिटून घेतले. आतून गंजलेली चेन जमिनीवर पडली.

मैना दारातून पुढे आली. "ही गाठ... असाच गमछा बांधून दिला होता मला."

"पोलिसांनी नाही बांधला. सावळीरामभाऊंनी बांधला होता. त्यांची चेन वाटेत तुटली. त्यांनी ती गमछ्यात गुंडाळली, हँडलला अडकवली आणि ते सायकल हातात धरून चालत निघाले. धडकेनंतर गाठोडं चारीत उडालं. त्यामुळे नंतर आलेल्या कोणालाच ते हँडलवर दिसलं नाही. मैनाताई, तुम्हालाही नाही. इथे ते ज्याने हँडलला अडकवलं, त्याने सावळीरामभाऊंना धडकेच्या आधी पाहिलं होतं. टेम्पोच्या काचेतून."

"मग ह्यानंच," मैनाने वाल्मीककडे बोट केलं. "टेम्पोत दुसरं कोण होतं?"

"वाल्मीकभाऊ, तुमचं कुठलं कोपर दरवाज्यात चेपलं?"

वाल्मीक स्वतःच्या वाकड्या हाताकडे बघत राहिला.

"डावं," उज्वला म्हणाली. "आणि ड्रायव्हर उजवीकडे बसतो. त्याच्या डाव्या हाताला दरवाजाच नसतो. बाभळीवर आदळली ती डावी बाजू. तुम्ही डाव्या सीटवर होता, बहुतेक झोपलेले. स्टिअरिंगवर तुम्हाला नंतर ओढून बसवलं. तुम्ही लगेच गुन्हा कबूल केलात, म्हणून कोपराबद्दल कोणी विचारलंच नाही."

उज्वलाने सायकलीच्या चेनकव्हरवर बोट ठेवलं.

"टेम्पो कोण चालवत होतं, ते काल ओट्यावर कळलं. ह्या सायकलीचं चेनकव्हर पूर्ण बंद आहे. आत चेन आहे की नाही, बाहेरून दिसत नाही. गाठोडं आत्तापर्यंत कोणी उघडलं नव्हतं. तरी काल एकजण मला म्हणाला, चेन नसलेलं भंगार आहे ते."

नईम नकळत दाराच्या बाजूला सरकला. पण राजू पळाला नाही. त्याच्या हातातली काठी खाली पडली आणि तो तिच्याशेजारी बसला.

तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, लायसन नव्हतं. मनमाडहून दोघं सोबत निघाले तेव्हा वाल्मीकच्या अंगात ताप होता. गोळी घेऊन तो चांदवडच्या पुढे झोपला आणि राजूने टेम्पो हातात घेतला. धडकेनंतर दाजी मेले असंच त्याला वाटलं. डावा दरवाजा अडकला होता. उजवीकडून उतरून त्याने त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर ओढलं आणि शेतांतून पळत, मग मिळेल त्या गाडीने तो मनमाडला मावशीकडे परत गेला. ते जिवंत आहेत हे कळलं, तोवर टेम्पो तेच चालवत होते असं सगळ्यांनी धरलं होतं. चारीतल्या गमछ्यात चेन निघाली, हेही त्याने तेव्हाच ऐकलं. रोज सांगायचं ठरवायचा आणि रोज आणखी घाबरायचा. दाजी विचारत फिरायला लागले तेव्हा एखाद्या दिवशी त्यांना सगळं आठवेल, या भीतीने त्याला घेरलं. पिकअपने नुसतं दचकवायचं होतं. जवळ गेल्यावर अंदाज चुकला, असं तो म्हणाला.

"पण हे गाठोडं का अडकवलंस?" नईमने विचारलं.

"मला ती सायकल तशीच दिसती साहेब. रोज. दुसरी मला करताच आली नसती."

वाल्मीक राजूकडे वळला. "मी इतकी वर्षं..." एवढंच म्हणून तो थांबला. मैना त्याच्याकडे बघत होती. शिव्या देऊन देऊन ज्या माणसाचा चेहरा तिला पाठ झाला होता, तो तिला आज ओळखू येईना. ती बाहेर पडली. अंगणात थोडी थांबली, मग वस्तीच्या वाटेला लागली.

नईम राजूला घेऊन पोलीस ठाण्यात गेला. संध्याकाळी वाल्मीक उज्वलाला म्हणाला की अर्जात हे लिहायचं नाही, जुनंच लिहू, शिक्षा तर भोगून झाली आहे. उज्वला काही म्हणायच्या आत आतल्या खोलीतून नवसाबाई बाहेर आली.

"लिहा," ती म्हणाली. "माझा भाऊ हाय म्हणून नका लिहू, असं मी म्हणणार नाय. पोरीला शाळेत खुन्याची पोरगी म्हणायचे. ते तिनं ऐकलंय, मी बी ऐकलंय."

मग तिनेच आरोहीला फोन लावला. वाल्मीकने फोन हातात घेतला आणि नुसती "आरोही" अशी हाक मारली. व्हिसा नाकारला का, असं पलीकडून आरोहीने घाबरून विचारलं. "नाय गं," तो म्हणाला. "टेम्पो मी चालवत नव्हतो." कोण होतं तेही त्याने सांगितलं. मग आरोहीने रडत रडत एकच विचारलं, राजूमामा जेवलाय का.

अर्जात तिघांच्या शब्दांत लिहिलं गेलं: वाल्मीकच्या, वकीलबाईंच्या, आणि शेवटी मैनाच्याही. ती स्वतःहून अंगठा द्यायला आली होती. कोर्टातून नाव पुसलं जायला वर्षं लागणार होती, त्यामुळे नोंद होती तशीच राहिली. परवानगी आली तेव्हा नातीने मान धरली होती. नवसाबाई गेली नाही. राजूची तारीख होती.

तिकडच्या विमानतळावर काय झालं ते वाल्मीकने नंतर फोनवर नईमला सांगितलं. काउंटरवरचा अधिकारी पडद्यावर वाचतच राहिला. रांग मागे साचत गेली. गार हवेतही वाल्मीकचा सदरा पाठीला चिकटला होता. आता परत पाठवणार, हे त्याने मनाशी धरलंच होतं. मग त्या माणसाने मान वर केली आणि बाहेर तुमची वाट कोण बघतंय, असं इंग्रजीत विचारलं. आरोहीने पाठ करून घेतलेलं वाक्य वाल्मीकला आठवेना.

"पोरगी," तो म्हणाला.

अधिकाऱ्याला शब्द कळला नसेल. त्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि बाहेर जायचं दार हाताने दाखवलं.