खुंटी कुणी हलवली?

“खुंटी हलू देऊ नकोस रे, रेषा वाकडी येईल!” आई लांबून ओरडली.

धाकटा खुंटी दोन्ही हातांनी धरून बसला होता. सुट्टीतली सकाळ म्हणजे खरं तर झोपेची. पण घरी थांबायला कोणी नव्हतं, म्हणून आईने दोघा भावंडांना कामावरच आणलं होतं. आई अग्निशमन दलात अधिकारी होती. आज नव्या पाण्याच्या टाकीचं उद्घाटन होतं आणि त्यानिमित्त अंधार पडल्यावर मोठी आतषबाजी व्हायची होती. “टाकी पाण्याची आणि कौतुक आगीचं,” असं आई जीपमध्ये पुटपुटली होती.

आतषबाजीला परवाना लागतो आणि परवान्याला आईची सही. तिची पद्धत साधी होती. आतषबाजीचे गोळे आणि लोक यांच्यात जेवढं अंतर नियमाने हवं, तेवढ्याच लांबीची दोरी ती पिशवीत बाळगायची. गोळे जिथून उडणार तिथे खुंटी ठोकायची, दोरीचं एक टोक खुंटीला बांधायचं, दुसरं हातात घेऊन गोल फिरायचं आणि जिथून फिरलो तिथे चुन्याची फक्की टाकायची. आतषबाजी चालू असताना रेषेच्या आत कोणीही नको, मग तो नगराध्यक्ष का असेना.

फक्की टाकायचं काम थोरलीकडे होतं. ती तेरा वर्षांची, त्यामुळे घरातली निम्मी कामं आपोआपच तिच्याकडे येत. खुंटी मात्र धाकट्याने स्वतः ठोकली होती, मैदानाच्या पार टोकाला, चराच्या पलीकडे. हा चर टाकीच्या नळासाठी खणलेला. नळ टाकून झाला, चर बुजवायचा राहून गेला. त्या गावात बऱ्याच गोष्टी अशाच राहून जायच्या.

“ही माझी खुंटी,” असं म्हणून धाकट्याने तिला आपला लाल रुमाल बांधला.

आईने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. सही करतानाच तिला जांभई आली. उन्हाळ्यात माळावरचं गवत रोज कुठे ना कुठे पेटत होतं, जोडीचा अधिकारी आजारी पडला होता आणि दोघांची कामं एकटी आई ओढत होती. घरी आल्यावर तिने बूट काढले आणि ती गणवेशातच पलंगावर आडवी झाली.

“संध्याकाळी शेवटची पाहणी करायला जायचंय. तोवर घराला आग लागली तरच मला उठवा,” ती म्हणाली आणि पुढच्या क्षणी घोरायला लागली.

दुपारी शेजारची चष्मिस आणि मागच्या गल्लीतला रेडिओ खेळायला बोलवायला आले. रेडिओचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतंच उरलं होतं. त्याचं तोंड फक्त झोपेत बंद असायचं, आणि तेही नेहमी नाही. चौघं चेंडू घेऊन मैदानावर गेले. ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नव्हती. भिंतीलगत खुर्च्या मांडून झाल्या होत्या आणि सगळ्यांत पुढे पाहुण्यांसाठी लाल सोफे होते. मांडववाले सोफ्यांवरच आडवे झाले होते.

“माझा रुमाल!” धाकटा एकदम थांबला.

“त्याला काय झालं? आहे की तिथेच,” रेडिओ म्हणाला.

“तिथे नाही. इथे आहे.”

त्याचं म्हणणं कळायला बाकीच्यांना जरा वेळ लागला. लाल रुमाल बांधलेली खुंटी चराच्या अलीकडे उभी होती, आणि तिच्याभोवती गोळे उडवायच्या लोखंडी नळ्या वाळूत रोवून ठेवल्या होत्या. चुन्याची रेषा होती तिथेच होती, म्हणून वरवर पाहणाऱ्याला सगळं ठीकच दिसलं असतं.

चर संपतो तिथे एक ट्रक उभा होता. ट्रकच्या सावलीत आतषबाजीचे उस्ताद तोंडावर टोपी ठेवून झोपले होते. त्यांचा एक माणूस टायरला टेकून अर्धवट जागा होता.

“काका, ही खुंटी कुणी हलवली?” थोरलीने विचारलं.

“आम्हीच,” त्याने डोळे न उघडता सांगितलं. “ट्रक चरापलीकडे जात नाही. एवढ्या नळ्या डोक्यावरून कोण नेणार? काल रात्रभर दुसरीकडे कार्यक्रम केला, तिथून सरळ इथे आलोय.”

“पण परवान्यात जागा तिकडची आहे.”

“मॅडम सकाळी म्हणाल्या ना, खुंटी जिथे तिथेच नळ्या. म्हणून तर खुंटी इकडे आणली, बाळ. नियम मोडायचा नाही, असं उस्तादांनी बजावलंय आम्हाला.”

तो हे अगदी मनापासून बोलत होता. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. भामटा माणूस असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. या दमलेल्या, प्रामाणिक माणसाचं काय करायचं, हे कोणालाच कळेना.

“आईला उठवू या,” धाकटा म्हणाला.

“नाही,” थोरली म्हणाली.

मागच्या वर्षी आईने एक कार्यक्रम ऐनवेळी थांबवला होता. मैदान खच्चून भरलेलं होतं आणि लोकांनी तिची हुर्यो उडवली. नंतर कितीतरी दिवस बाजारात तिला ‘पाणी ओतणाऱ्या बाई’ म्हणत. आईने ते हसण्यावारी नेलं, पण त्या रात्री ती जेवली नव्हती. ते थोरलीने पाहिलं होतं. संध्याकाळी आई आली की तिला हे दिसणारच होतं. मग भरल्या मैदानासमोर तिला पुन्हा तेच करावं लागलं असतं. आणि तिच्या नजरेतून सुटलं, तर त्याहून वाईट. काही झालं की लोक आधी विचारणार, सही कुणाची?

“ती आत्ता झोपलीय. कितीतरी दिवसांनी झोपलीय,” थोरली म्हणाली. “आधी आपण बघू.”

चौघं नगरपालिकेत गेले. परवान्याच्या खिडकीमागे एक भाऊसाहेब पंख्याखाली बसले होते. पंखा फिरत होता, पण वारा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता. चष्मिसने सगळं नीट समजावून सांगितलं.

“परवाना दिलाय ना?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“हो.”

“परवान्यात अंतर बरोबर लिहिलंय?”

“लिहिलंय बरोबर. मैदानावर चुकलंय.”

“मैदान माझ्याकडे नाही. माझ्याकडे परवाना आहे, आणि तो बरोबर आहे,” भाऊसाहेब म्हणाले. एवढं बोलून ते इतके थकले, की त्यांनी खिडकीच लावून घेतली.

“सगळं गावच दमलंय का आज?” रेडिओ पायरीवर बसत म्हणाला. पहिल्यांदाच त्याला पुढे काही बोलायचं सुचेना.

थोरलीही त्याच्याशेजारी बसली. तिला रडू येत होतं आणि रडण्याचाही कंटाळा आला होता. तेवढ्यात चष्मिस म्हणाली, “खुंटी सरकली, पण रेषा सरकली नाही. दोघींनी बरोबर सरकायला हवं होतं. खरी रेषा आता कुठून जाईल?”

धाकट्याने पायरीपुढच्या मातीत काडीने मैदान काढलं आणि खुंटीभोवती बोट गोल फिरवलं. बोट भिंतीजवळ येऊन थांबलं.

“सोफ्यांच्या मागून,” तो म्हणाला.

थोरली ताडकन उठली. “म्हणजे पाहुणेच आत! चला, फक्की राहिलीय अजून. दोरी मात्र घरी आहे.”

दोरी आईच्या पिशवीत होती आणि पिशवी आईच्या उशाशी. थोरली आणि धाकटा अनवाणी आत शिरले. थोरलीने पिशवीचा बंद सोडवला, दोरी अलगद बाहेर ओढली, आणि नेमकी तेव्हाच धाकट्याला शिंक आली. सकाळची फक्की अजून नाकात होती.

“कोण आहे?” आईने डोळे मिटूनच विचारलं.

“कोणी नाही, आई.”

“बरं,” म्हणून आई कुशीवर वळली. एरवी तिने असं उत्तर ऐकून घेतलं नसतं. ती किती दमलीय ते थोरलीला तेव्हा जास्तच जाणवलं.

मैदानावर टायरला टेकलेले काका अजून तसेच होते. गोळ्यांच्या पेट्या कुलूपबंद ट्रकमध्ये होत्या आणि नळ्या रिकाम्या. तरीही नळ्यांजवळ कोणी जायचं नाही, असं थोरलीने सगळ्यांना बजावलं.

“काका, एवढं टोक खुंटीपाशी धरून बसता का?” तिने विचारलं.

कशाला, असं विचारायचंसुद्धा त्यांच्यात त्राण नव्हतं. ते उठले, खुंटीपाशी जाऊन बसले आणि टोक धरून तिथेच पेंगायला लागले. थोरली दोरी ताणून निघाली. चष्मिस मागून फक्की टाकत चालली. धाकटा दोरी कुठे अडकत नाही ना ते बघत होता. रेडिओ झोपलेल्या मांडववाल्यांना “काका, पाय जरा वर घ्या” असं सांगत पुढे पळत होता, आणि मांडववाले झोपेतच पाय वर घेत होते. पांढरी रेषा सोफ्यांच्या मागून, पहिल्या दोन रांगांच्या पाठीमागून वळत गेली. मग चष्मिसने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘या रेषेच्या आत आतषबाजीच्या वेळी माणूस नको. नियमानुसार.’ आणि तो पुठ्ठा मधल्या, सर्वांत मोठ्या सोफ्यावर टेकवून ठेवला.

“आता?” धाकट्याने विचारलं.

“आता बसायचं,” थोरली म्हणाली. चौघं भिंतीच्या सावलीत बसले. पाय दुखत होते आणि पाण्याची बाटली केव्हाच संपली होती.

उन्हं कलल्यावर नगराध्यक्षांचे सहायक व्यवस्था बघायला आले. ते रुमालाने घाम पुसत सोफ्यापर्यंत आले आणि पुठ्ठा वाचून जागच्या जागी थिजले.

“साहेब बसणार ती जागा धोक्यात? कुणी आखली ही रेषा?”

“आम्ही आखली, पण नियमाच्या दोरीने,” थोरली उभी राहिली. “हवं तर मोजून बघा. एक टोक त्या काकांच्या हातात आहेच.”

सहायकांनी दोरी ताणून पाहिली. मग त्यांनी सोफ्यामागची भिंत पाहिली. सोफे मागे नेणार तरी कुठे?

“उस्ताद!” ते असे ओरडले की टोपीखालचे उस्ताद उठून बसले. “नळ्या चरापलीकडे न्या. आत्ताच्या आत्ता.”

“साहेब, ट्रक जात नाही तिकडे. माझी माणसं मेलीत दमून.”

“मांडवाच्या फळ्या उरल्यात की!” रेडिओचा आवाज परत आला होता. “त्या चरावर टाका. आणि मांडववाल्या काकांची झोपही झालीय चांगली.”

दुपारभर ज्या कामाला कुणाच्यात बळ नव्हतं, त्याला आता वीसएक हात लागले. सहायकांनी स्वतः बाह्या सरसावल्या. नळ्या फळ्यांवरून पलीकडे गेल्या, वाळू गेली, पेट्या गेल्या. खुंटी धाकट्याने स्वतः नेली आणि सकाळच्याच भोकात ठोकली. उस्ताद कंबरेवर हात ठेवून बघत राहिले.

“फळ्या सकाळपासून इथेच होत्या?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मला कशा नाही दिसल्या?”

“तुमच्या तोंडावर टोपी होती, उस्ताद,” धाकटा म्हणाला. उस्ताद हसले, पण खाली मान घालून.

संध्याकाळी आई आली. केस विंचरलेले, डोळे अजून जड. पिशवीत दोरी नाही हे तिला घरीच कळलं होतं. ती सकाळच्या रेषेवरून चालत गेली, मग सोफ्यांमागच्या, मुलांनी पायाने पुसून टाकलेल्या रेषेपाशी थांबली. थोरलीच्या चुन्याने माखलेल्या पायांकडे तिने पाहिलं आणि काय झालं ते विचारलं. थोरलीने काही न लपवता सांगितलं. आईचा चेहरा घट्ट झाला. ती तडक उस्तादांकडे गेली आणि त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलली. उस्ताद मान डोलवत राहिले.

मैदान भरलं. पहिला गोळा आकाशात फुटला आणि गर्दीतून मोठा “हो” निघाला. हिरवी, सोनेरी फुलं उमलत होती. चौघं अग्निशमन गाडीच्या पायरीवर आईशेजारी बसले होते.

शेवटून दुसरा गोळा वर गेलाच नाही. तो तिरका सुटला, चरावरून अलीकडे आला आणि सकाळच्या रेषेच्या थोडा आत मोकळ्या गवतात पडून फुटला. ठिणग्या उडाल्या, गवत पेटलं. तिथे कोणीही नव्हतं. आईच्या माणसांनी धावत जाऊन पाणी मारलं आणि थोड्याच वेळात नुसता धूर उरला. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. जळलेल्या जागेपासून सोफे किती लांब आहेत, ते ती बघत होती. नळ्या चराच्या अलीकडे असत्या तर तो गोळा कुठे पडला असता, हे थोरलीलाही कळलं. आईने तिचा हात हातात घेतला.

नंतर नगराध्यक्षांनी भाषणात नगरपालिकेच्या दक्षतेची तारीफ केली. भाऊसाहेबही उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या घेतल्या. मग माईक उस्तादांनी मागून घेतला. “माझी चूक होती,” ते म्हणाले. “खुंटी मी हलवली आणि ती या चार पोरांनी जागेवर आणली. मी इतकी वर्षं आतषबाजी करतोय, आज या पोरांनी मला सांभाळलं.” गर्दी वळून गाडीच्या पायरीकडे बघायला लागली. रेडिओने हात हलवला. चष्मिसने चष्मा पुसला.

जीप घराकडे निघाली. रेडिओ आणि चष्मिस मागच्या सीटवर झोपी गेले होते. रेडिओ खरोखर गप्प होता.

“रेषा छान गोल आली होती,” आई समोर बघत म्हणाली. “माझ्यापेक्षा चांगली.”

थोरली लाजली.

“पण पुढच्या वेळी मला उठवायचं.”

“घराला आग लागली तरच ना?” धाकट्याने अर्धवट झोपेत विचारलं.

“नाही,” आई म्हणाली. “नाही लागली तरी.”