नॉडीफ्लाउटचं एक्कावन्नावं पान

"शुक्रवारी माझ्या अकरा हजार चिठ्ठ्या शेगडीत जाणार," थर्झा पेलिंगनं उभ्या उभ्याच सांगितलं.

खाजगी तपास करणाऱ्या मिसेस डॉर्कस व्हेन या बुकबाइंडरची मुलगी. त्यांनी आधी तिला बसवलं, चहा दिला. त्यांचे दीर कॅप्टन टोव्ही यांनी कसल्या चिठ्ठ्या, असं विचारलं, तेव्हा ती चिडलीच.

इंग्रजीचा मोठा कोश तयार होत होता. गावोगावचे वाचक जुनी पुस्तकं चाळून शब्द, वाक्य, पान आणि साल चिठ्ठीवर लिहून कचेरीत धाडत. त्यावरून शब्दाचं वय ठरे. थर्झा बारा वर्षं हेच करत होती. मूर्खांची जाहीर टर उडवणं म्हणजे 'नॉडीफ्लाउट'. हा शब्द तिला १६१२ च्या पुस्तकात, पान एक्कावन्नवर सापडला. सहसंपादक लॉडविक यांनी तेच पान उघडून सर्वांना दाखवलं, तर त्यावर शब्दच नव्हता. एक चिठ्ठी बनावट निघाली की त्या वाचकाच्या सगळ्या जाळायच्या, हा कचेरीचा नियम.

"चष्म्याचा दोष असेल," टोव्ही म्हणाले.

"दोष माझ्या नशिबाचा. आयुष्य घातलंय मी यात."

संपादक डॉ. अँब्लर यांनी सांगितलं की थर्झानं परत केल्यापासून पुस्तक कुलपात होतं. फक्त लॉडविकांनी ते दोन दिवस तपासायला नेलं. हा शब्द १६५३ चा, असा लॉडविकांचा गाजलेला लेख होता.

लॉडविक तोऱ्यात होते. "माझ्या घरी १६२० ची आवृत्ती आहे. पानन् पान हेच. त्यातही शब्द नाही. बाईंनी तो स्वप्नात वाचला असेल."

पुस्तकाला कसर लागली होती. पहिल्या पानापासून सत्तरीपर्यंत बारीक भोक. मिसेस व्हेननी टोव्हींना त्यात केसांतली पिन घालायला दिली. पिन पन्नासाव्या पानाशी अडली.

"भोक बुजलंय वाटतं," ते म्हणाले.

शुक्रवारी सगळी कचेरी शेगडीभोवती जमली.

"कसर पानं खाते, उड्या मारत नाही," मिसेस व्हेन म्हणाल्या. "पन्नासावर भोक, त्रेपन्नावर भोक, मधला कागद मात्र धडधाकट. तो नंतर चिकटवलाय. माप तेच, ठसा तोच, पण शब्द गाळलेला. म्हणजे तो १६२० च्या आवृत्तीतला. लॉडविकसाहेब, तुमची प्रत मागवू या? तिच्यात एक्कावन्नावं पान असेल, तर मी भर चौकात माफी मागेन."

लॉडविकांचा चेहरा पडला. टोव्हींनी शिपायासह जाऊन प्रत आणली. पानाच्या जागी नुसती कापलेली कड होती, आणि मलपृष्ठाच्या आत घडी घातलेलं एक सुटं पान. त्यावर भोक होतं, आणि 'नॉडीफ्लाउट' होता.

"जाळलं का नाही रे बाबा?" टोव्हींना राहवेना.

लॉडविक खाली बघून पुटपुटले, "शब्दाचा पहिला दाखला होता तो. जाळवेना."

डॉ. अँब्लरनी थर्झाची क्षमा मागितली. तिची चिठ्ठी त्यांनी शब्दाच्या गठ्ठ्यावर सर्वांत वर ठेवली आणि काय भरपाई देऊ, असं विचारलं.

"पुढचं पुस्तक द्या," थर्झा म्हणाली, आणि लॉडविकांच्याच टेबलावर बसून तिनं पहिलं पान उघडलं.