वरच्या मजल्याची डागडुजी

रफूबाई मालकांच्या ऑफिसात गेल्या त्या फक्त गळक्या छताचं सांगायला. हातात पिशवी, पिशवीत लाँड्रीतून घरी न्यायला घेतलेले कोट, आणि डोक्यात एवढंच, की पलंगावरच्या छताला ओल धरली आहे, ते कोणीतरी येऊन बघायला हवं.

त्यांना सगळे रफूबाईच म्हणत. फाटलेलं कापड त्या असं सांधत, की ज्याचं फाटलं त्यालाही जागा सापडू नये. कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मागच्या खिडकीशी त्यांची खुर्ची होती. राहायच्या तिथून जवळच, एका तीन मजली घराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. लग्न होऊन त्या याच घरात आल्या, नवरा याच घरात गेला, आणि नंतरचं एकटेपणही याच दोन खोल्यांत हळूहळू अंगवळणी पडलं. थोरले मालक होते तोवर भाड्याचा कधी शब्द निघाला नाही. उलट तेच अधूनमधून जिन्याखाली उभे राहून हाक मारत, "बाई, बरं आहे ना वर? काही हवं नको?" ते गेले आणि कारभार मुलाच्या हातात आला. धाकटे मालक दरवर्षी भाडं वाढवत आणि दुरुस्तीचं नाव काढलं की कानावर हात ठेवत. खालच्या दोन्ही मजल्यांवरची बिऱ्हाडं कंटाळून उठून गेली. रफूबाई तेवढ्या उरल्या.

"छत गळतंय," त्या म्हणाल्या.

"घर जुनं आहे बाई. जुनं झालं की गळायचंच."

"भाडं मात्र दरवर्षी नवं!"

कोपऱ्यातला कारकून खुदकन हसला. धाकटे मालक हसले नाहीत. ते कधी आवाज चढवत नसत, आल्यागेल्याला खुर्ची देत, पण माणूस केसानं गळा कापणारा.

"पुढच्या महिन्यापासून आणखी वाढेल," ते शांतपणे म्हणाले. "आणि मी पालिकेत अर्ज दिलाय. त्यांचा इंजिनिअर येऊन घर तपासणार आहे. धोकादायक ठरलं तर रिकामं करावं लागेल. तुमच्या भल्याचं सांगतो, आत्ताच दुसरीकडे सोय बघा."

"या वयात कुठे जाऊ हो मी?"

"भाची आहे ना तुमची?"

भाची होती. नवरा, सासू आणि दोन पोरं घेऊन एका खोलीत राहत होती. रफूबाई पिशवी उचलून उठल्या.

घरी आल्यावर त्यांनी इंजिनिअरच्या नजरेनं चारी बाजूंनी पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला. जिन्याची वरची पायरी डुगडुगत होती. खिडकी धड लागत नव्हती. आतल्या खोलीच्या भिंतीला बोट जाईल एवढी भेग. आणि पलंगावरचं छत, ओल पिऊन पोट सुटल्यासारखं फुगलेलं. त्या इंजिनिअरला हातोडी पिशवीतून काढायचेही कष्ट पडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आल्या तेव्हा खिडकी लागली. नुसती ढकलली आणि लोण्यात सुरी जावी तशी बसली. रफूबाईंना वाटलं, हवा कोरडी पडली असेल, लाकूड आटलं असेल. पण त्यानंतर पायरी डुगडुगायची थांबली. आणि मग एके दिवशी आतल्या खोलीत पाऊल टाकलं, तर भिंतीवरची भेग नव्हती.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. दाराचं कुलूप त्यांनी स्वतः आत्ताच उघडलं होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. भिंतीवर तळवा टेकवला, तर गिलावा अजून ओला होता, थंडगार. खोलीत भिजलेल्या चुन्याचा वास होता, आणि त्याच्या खाली आणखी एक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेसारखा.

मालकांना उपरती झाली, त्यांनी आपल्याकडच्या किल्लीनं गवंडी पाठवला असेल, असं त्यांनी मनाला समजावलं आणि सकाळीच आभार मानायला गेल्या. धाकट्या मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"मी कोणालाही पाठवलेलं नाही. आणि ऐका बाई, माझ्या परवानगीवाचून तुम्ही तिथे खिळासुद्धा ठोकायचा नाही."

"मी कशाला ठोकतेय? मला आपली सुई धरता येते, थापी नाही."

"मग केलं कोणी?"

भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, कोणाकडे तरी दुसरी किल्ली आहे. आधी कुलूप बदल." रफूबाईंनी कुलूप बदललं. त्या दिवशी मोरीतला नळ गळायचा थांबला.

भीती वाटली नाही असं नाही. पण त्या भिंतीवरून बोटं फिरवताना भीतीच्या जोडीला आणखी काहीतरी मनात येई. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांची फाटकी वस्त्रं सांधली होती. चांगलं सांधायला काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं. बोटाला कुठे शिवण लागत नव्हती, उंचवटा लागत नव्हता. ज्यानं कोणी हे केलं त्यानं जीव ओतून केलं होतं, आणि त्यांच्यासाठी केलं होतं. नवरा गेल्यापासून त्यांच्यासाठी असं कोणी काही केलं नव्हतं.

"उपकार झाले, बाबा," रिकाम्या खोलीकडे बघून त्या हलकेच म्हणाल्या. वरून चिमूटभर चुना त्यांच्या खांद्यावर पडला. बस, एवढंच.

मग रफूबाईंना ताप आला. कामाला दांडी मारून त्या दुपारभर पलंगावर पडून राहिल्या. बाहेर धुकं होतं, रस्त्यावरचे आवाज कापसातून आल्यासारखे येत होते. खोलीतला उजेड हळूहळू राखाडी झाला. त्यांचा डोळा लागत होता, उघडत होता. अशात कधीतरी बाहेरच्या खोलीतून आवाज येऊ लागला.

खर्र... खर्र...

थापीनं घमेलं खरवडल्याचा आवाज. मग ओला गोळा भिंतीवर बसल्याचा. मग लांबलचक, सावकाश, माया लावल्यासारखा घोटण्याचा. दोन्ही खोल्यांमधलं दार लोटलेलं होतं. दाराच्या फटीतून तो वास आत आला, आधी चुन्याचा, मग त्या बंद ट्रंकेचा.

"कोण... कोण आहे?"

आवाज थांबला. उठून दार उघडावं असं वाटलं, आणि उघडू नये असंही. थोड्या वेळानं घोटणं पुन्हा सुरू झालं, जणू काम करणाऱ्याला वेळ घालवायचा नव्हता.

मग दारापलीकडून कोणीतरी बोललं. आवाज पुरुषाचा की बाईचा, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. घशात माती गेलेल्या माणसासारखा तो कोरडा होता.

"पलंग... सरकवा."

तापानं हातापायांत त्राण नव्हतं. तरी त्या उठल्या, पलंगाला खांदा लावला आणि रेटत रेटत तो समोरच्या भिंतीशी नेला. दम लागून त्या खाली बसल्या न बसल्या तोच वरून धाडकन आवाज झाला. छताचा फुगलेला सगळा भाग कोसळला होता. आत्तापर्यंत त्यांची उशी जिथे होती, बरोब्बर तिथे गुडघाभर ढिगारा पडला होता.

धूळ बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांना रडू फुटलं. भीतीचं थोडं, पण जास्त करून ते दुसरंच होतं. आपण मेलो असतो तर लाँड्रीवाल्यांना दोन दिवसांनी आठवण झाली असती, आणि इथे कोणाला तरी आपली उशी कुठे असते हे माहीत आहे!

"तुम्ही जे कोणी असाल ते," हुंदके देत त्या दाराला म्हणाल्या, "माझा जीव वाचवलात. मालकांना काही करू दे. मी हे घर सोडून कुठे जायची नाही. शब्द देते."

दारापलीकडे कोणीतरी दीर्घ सुस्कारा सोडला. डोक्यावरचं ओझं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा.

त्या बऱ्या होऊन कामाला लागल्या तोवर छतही सांधून झालं होतं, ढिगाऱ्याचा खडाही कुठे राहिला नव्हता.

पालिकेचा इंजिनिअर आला तो भर दुपारी, धाकट्या मालकांना घेऊन. धाकटे मालक जिन्याच्या खालच्या पायरीवर जरा घुटमळले. रफूबाईंच्या लक्षात आलं, की कारभार हातात आल्यापासून हा माणूस एकदाही वर आलेला नाही.

इंजिनिअर जाडजूड आणि गप्पिष्ट होता. त्यानं छोट्या हातोडीनं भिंती ठोकून पाहिल्या, छताला कान लावल्यासारखी मान वाकडी केली आणि मालकांकडे वळला.

"अहो, धोकादायक कशाला म्हणता? हे घर तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल. खालच्या मजल्यांना जरा डागडुजी हवी, पण हा मजला! काम कोणाकडून करून घेतलंत? आमच्याकडे पाठवा त्या गवंड्याला."

"मी काही केलेलं नाही," धाकटे मालक म्हणाले.

"मीही नाही," रफूबाई म्हणाल्या.

"वा! म्हणजे भिंतींनी आपलं आपणच करून घेतलं!" इंजिनिअर मोठ्यानं हसला, घर राहण्याजोगं असल्याचा शेरा मारला आणि पुढच्या कामाला निघून गेला.

धाकटे मालक मागे थांबले. ते भेग होती त्या भिंतीजवळ गेले, हात पुढे केला आणि न टेकवताच मागे घेतला. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

"बाई, तुम्हाला काही ऐकू येतं का इथे?"

रफूबाईंची नजर छताकडे गेली.

"लहानपणी मला वर यायची बंदी होती. वडील सांगायचे, वरच्या भाडेकरूला जपायचं. भाडं आलं नाही तरी चालेल, पण माणूस जाऊ द्यायचा नाही. घराला कोणीतरी लागतं. मी म्हटलं, म्हातारपणीचे चळ. खालचे मजले रिकामे केले, त्या दिवसापासून..." ते थांबले. "त्या दिवसापासून माझ्या घरी..."

"काय होतं तुमच्या घरी?"

त्यांनी मान हलवली. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, ते नाहीच. जिना उतरताना मात्र म्हणाले, "भाडं वाढणार नाही. जुनंच द्या. नाही दिलंत तरी... पण बाई, राहा. एवढं माझं ऐका."

ज्या माणसानं वर्षानुवर्षं छळलं तो हात जोडून राहा म्हणत होता. रफूबाईंना त्याची दया आली, आणि मन कृतज्ञतेनं इतकं भरून आलं, की त्याच्या न पुऱ्या झालेल्या वाक्याचा त्यांनी पुढे विचारच केला नाही. संध्याकाळी त्यांनी दोन कप चहा केला. एक स्वतः घेतला, दुसरा झाकून ओट्यावर ठेवला. लाँड्रीत त्या गुणगुणताना दिसू लागल्या. तिथल्या मालकीणबाई म्हणाल्या, "रफूबाई, दहा वर्षांनी लहान दिसताय!" त्या नुसत्या हसल्या.

सुट्टी लागली तशी भाची आली. घर बघून थक्क झाली. "मावशी, एवढं चकाचक! बरं ते राहू दे, चार दिवस माझ्याकडे चल. पोरांनी डोकं खाल्लंय, मावशीआजी कधी येणार म्हणून." रफूबाईंनाही हुरूप आला. सकाळी निघायचं ठरलं. भाची पुढे गेली. रफूबाईंनी कपड्यांची पिशवी भरली आणि शिवून झालेले कोट पोचवायला त्या लाँड्रीत जाऊन आल्या.

परतल्या तेव्हा उजेड बऱ्यापैकी होता. आतल्या खोलीच्या दाराला नवीन कडी बसवलेली होती. लोखंडाची, भरभक्कम, तेल दिलेली. बोटानं सरकवली तर हूं की चूं न करता सरकली. काम नेहमीसारखंच देखणं होतं, एकही स्क्रू वाकडा नव्हता. त्यांनी आतून दार लावून पाहिलं, आणि मग कळलं. कडी आतून नव्हती. ती बाहेरच्या खोलीच्या बाजूला होती.

त्यांनी पिशवीतले कपडे काढून एकेक करून कपाटात ठेवले आणि भाचीला फोन केला, "या वेळी नाही गं जमायचं. पुढच्या खेपेला बघू."

रफूबाई अजून तिथेच राहतात. कोणी विचारलं तर मनापासून सांगतात, या घरानं माझं जेवढं केलं तेवढं सख्ख्या माणसांनी केलं नसतं. आणि ते खोटं नाही. पाऊस येवो की वारा, त्यांच्या छतातून थेंब पडत नाही. अंधार पडायच्या आत त्या घरी येतात. झोपतात मात्र आता बाहेरच्या खोलीत, सतरंजीवर. कोणी कारण विचारलं तर पाठीचं दुखणं सांगतात.

फक्त, रोज संध्याकाळी त्या दार उघडून घरात येतात तेव्हा आतल्या खोलीतल्या पलंगावर अंथरूण घातलेलं असतं. चादरीला एक सुरकुती नाही, उशी फुगवून ठेवलेली, आणि पांघरुणाचा एक कोपरा, कोणी आत शिरावं म्हणून, अलगद उलटलेला.