वात लावण्याआधीचा पुकारा

माझ्या मुलीचं, सरजाचं लग्न झालं ते साल १९८७. लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली होती, तरी म्हातारी माणसं कचेरीच्या कामाला अजून उस्मानाबादच म्हणायची. मागची दोन सालं पाऊस धड झाला नव्हता. वऱ्हाडाला पाणी पाजलं तेही टँकरचं. दुष्काळानं गावातल्या पुष्कळांची कामं गेली, आमचं वाढलं. आम्ही विहिरी खोल करणारी माणसं.

खाली तळाला मी आणि माझा धाकटा भाऊ भीमा. वर यारीवर शिवप्पा आणि संगप्पा. यारी म्हणजे विहिरीच्या काठावर उभा केलेला सांगाडा. तिच्या दोराला लोखंडी डोल, त्यात बसून माणसानं खाली-वर करायचं. आई-बाप लवकर गेले, म्हणून भीमाला मीच वाढवला होता. माझ्या बायकोला तो आई म्हणायचा.

दगडातल्या भोकांत सुरुंग ठासून झाले की भीमा आधी वर जायचा. मग मी तळातून एकेकाचं नाव पुकारायचो. ज्याचं नाव त्यानंच 'वर' म्हणायचं. दुसऱ्यासाठी म्हणायचं नाही आणि थट्टेत तर मुळीच नाही. तिघांचे आवाज आले की मी वातीला काडी लावून डोलात बसायचो. या रीतीमुळं माझ्या विहिरीत कुणाचं बोटसुद्धा गेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात काम गावाच्याच विहिरीचं होतं. दर रविवारी संध्याकाळी आम्ही माणिकप्पा शेठच्या अंगणात टीव्ही बघायला बसायचो. गावात तेवढा एकच टीव्ही. उंच बांबूवर ॲन्टेना, तरी चित्रात मुंग्या यायच्या. एक खुनाची मालिका लागायची, हिंदीत. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. पडद्यावरची अक्षरं सोडून मी माणसांचे चेहरे बघायचो. त्यामुळं चोर मला बहुधा आधीच कळायचा आणि भीमा म्हणायचा, "दादा, तू पोलिसात पाह्यजे होतास."

मे महिन्यातल्या एका रविवारच्या भागात जासूस एका ओसाड बंगल्यात शिरला. अंधाऱ्या तळघरात उतरून उभा राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं मान वर केली आणि हाक मारली, "शिवप्पा."

हिंदी मालिकेत शिवप्पा कुठला? आमचा शिवप्पा लाजून हसला. जासूसानं थांबून दुसरी हाक मारली, "संगप्पा." मग तिसरी, "भीमा."

मी पुकारायचो तोच क्रम.

भीमा मुळात गमत्या. तो मोठ्यानं म्हणाला, "वर!" अंगणातल्या बायका-पोरं खो खो हसली. पडद्यावरच्या माणसानं ऐकल्यासारखी मान हलवली आणि काडी ओढली. तिथंच तो भाग संपला.

मी भीमाला रागावलो. शेठच्या बायको उमादेवी ओट्यावरून म्हणाल्या, "भीमा, टीव्हीला कामून जवाब देऊन राहिलास रे?"

"त्यानं नाव घेतलं की माझं, अक्का."

"नाव कवा घेतलं? नुसता उभा होता तो."

शेठही तेच म्हणाले. हाका आम्हा चौघांनाच ऐकू आल्या होत्या. दिवसभराच्या उन्हानं कान वाजत असतील, असं मी ठरवलं आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुरुंग भरले. विहिरीच्या तळाला पाण्याच्या आशेनं एक आडवा बोगदा मारला होता. ठासणीचं काम पाठ वाकवून करावं लागतं. डोल वर गेल्याची कुरकुर मी ऐकली आणि भीमा गेला असं धरलं. मग पुकारलं.

"शिवप्पा."

"वर."

"संगप्पा."

"वर."

"भीमा."

"वर!"

आवाज भीमाचाच. काठावरूनच आला. मी काडी ओढली.

पण त्या आवाजामागून हसू आलं. बायकांचं, पोरांचं, पुष्कळ माणसांचं. काठावर दोन पुरुषांशिवाय कुणी नव्हतं.

मी काडी चिखलात विझवली.

बोगद्यातून पहार घेऊन भीमा बाहेर आला. डोलात त्यानं नुसती अवजारं वर पाठवली होती, एक पहार आत राहिली म्हणून तो परत शिरला होता. काडीचा वास त्याला आला. त्याचा चेहरा उतरला.

"दादा, मला न पुकारता?"

"पुकारलं. तू जवाब दिलास."

"म्या न्हाई."

वर आल्यावर शिवप्पा म्हणाला, आवाज त्याच्या आणि संगप्पाच्या मधून आला. संगप्पानं तर भीमाला उभं राहायला जागा म्हणून पाय मागं घेतला होता.

मी ते काम तिथंच सोडलं. भरलेले सुरुंग स्वतः उतरून काढून घेतले. भीमाला घराबाहेर पडू दिलं नाही. धोका विहिरीतच आहे आणि मी तो ओळखला आहे, याची मला खात्री होती. आठवडा चांगला गेला. भीमा बाजेवर बसून माझ्या बायकोला शेंगा फोडून द्यायचा.

पुढच्या रविवारी मी एकटाच शेठच्या अंगणात गेलो. काय दाखवतात ते मला बघायचं होतं.

जासूस त्याच तळघरात होता. हातात तीच पेटती काडी. या खेपेला त्यानं कुणाला पुकारलं नाही.

तो खाली वाकला. सरळ झाला. बाजूच्या भिंतीशी सरकला.

मग त्यानं दोन्ही तळव्यांनी कान झाकले.

वात लावल्यावर आम्ही झाकतो, तसे.

आवाज कसलाच झाला नाही. उमादेवी जवळ बसलेल्या बाईशी लोणच्याबद्दल बोलत होत्या. मी उठलो आणि घराकडं पळालो.

बायको चुलीपाशी होती. भीमा आत्ताच पडलाय, उठवू नका, असं ती म्हणाली. तो बाजेवर कुशीवर होता. अंगावर कुठं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. आंघोळ घालताना मात्र त्याच्या केसांतून काळ्या दगडाची भुकटी निघत राहिली. तिसरी घागर ओतली तरी पाणी काळंच येत होतं.

माझा भाऊ भीमा १९८७ च्या मे महिन्यात, रविवारी दिवस मावळताना, घरात झोपेत वारला.